मदत हवी आहे: माळावरच्या जांभळांना केवडा पडलाय (पानं पिवळी पडतात तो रोग), बुंध्याशी गवत मात्र हिरवंगार

मंडळी, नमस्कार. सोलापुरातून लिहितोय. तुळजापूर रस्त्याला, हिप्परग्याच्या पुढे मित्राची दोन एकर पडीक जमीन आहे. २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही चौघांनी तिथे छोटं जंगल करायचं ठरवलं. १४० रोपं लावली: कडुनिंब, हिवर, बोर, करंज, सागवान, सिल्व्हर ओक आणि २४ जांभळं. जांभळं माझ्या हट्टापायी.

हिवर आणि बोरीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, तरी माजलेत. कडुनिंब बरा. सागवान लावला तेवढाच. जांभूळ आणि सिल्व्हर ओक मात्र पिवळे पडलेत, आणि पिवळेपणा शेंड्याकडून सुरू होतो. कोवळी पानं पिकल्या लिंबासारखी, त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी विणल्यागत. खालची जुनी पानं ठीक. रोपवाटिकेतले म्हणाले पाणी कमी पडतंय. म्हणून उन्हाळाभर बोअरचं पाणी रोज दिलं, तर आणखीच पिवळे झाले.

मे महिन्यात वाळलेलं एक जांभूळ मुळासकट खणून काढलं. वर वीतभर तपकिरी माती, खाली मुरूम, आणि दीड फुटावर पांढरा थर, दही सांडून वाळल्यासारखा. टिकाव मारला की ठण्ण वाजतो. सोटमूळ तिथपर्यंत सरळ आलं होतं आणि थराला टेकून काटकोनात आडवं पळालं होतं. पांढरं ढेकूळ घरी आणून त्यावर व्हिनेगर ओतलं, तर सोड्यासारखं फसफसलं, म्हणजे चुनखडीच.

माती तपासून घेतली. सामू (पीएच) ८.४, क्षारता ०.३, सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के, मुक्त चुना १४ टक्के, उपलब्ध लोह २.१ पीपीएम. ४.५ च्या खाली लोह कमी धरतात म्हणे. इथेच माझं डोकं चालेना. आपला सगळा दगड बेसॉल्ट, मुरूम लोहाने तांबूस झालेला, मग लोह कमी कसं?

नेटवर जंगलाची माती म्हणून शोधलं तर जिकडे तिकडे आम्लवर्षा. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात आम्लवर्षेने मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं, मेपलची झाडं खंगली, तेव्हा १९९९ साली हेलिकॉप्टरमधून कॅल्शियम सिलिकेट टाकलं. आमच्याकडचं कॅल्शियम, म्हणजे हा चुनखडीचा थर, टिकावाने फुटत नाही. कुणाला हवं असेल तर ट्रॉली घेऊन या, फुकट देतो.

तर प्रश्न असा, की गंधक किंवा जिप्सम टाकून हा सामू खाली येईल का, की जांभळांचा नाद सोडू? आणि एक गोष्ट फार छळतेय. पिवळ्याधमक जांभळाच्या बुंध्याशी कुसळी गवत हिरवंगार असतं. माती तर एकच ना?

प्रतिसाद १
युरिया द्या, आठ दिवसांत हिरवं होईल.

प्रतिसाद २
युरिया नको हो. नत्र कमी असतं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती. हा लोहाचाच केवडा, उसात आणि भुईमुगात पडतो तोच. लोह मातीत भरपूर आहे, पण गंजाच्या रूपात कुलूपबंद. सामू एकाने चढला की त्याची विद्राव्यता साधारण हजारपटीने घटते.

गवताचं निरीक्षण झकास आहे. जांभळासारखी झाडं मुळातून आम्ल सोडून लोह सोडवून घेतात, पण चुनखडीच्या मातीतलं बायकार्बोनेट ते आम्ल जागच्या जागी मारून टाकतं. गवताची रीत निराळी. ते मुळातून अशी द्रव्यं सोडतं की ती लोहाला धरून थेट मुळात आणतात, त्यांना सामूचं एवढं भय नाही. तुम्ही रोज पाणी देऊन मुळांशी हवा कोंडली, त्यात बोअरचं पाणी जड असेल तर बायकार्बोनेट दोन्हीकडून वाढलं. पाणी अंतराने द्या.

जिप्सम चोपण (सोडियम साठलेल्या) जमिनीचं औषध, इथे काही कामाचं नाही. गंधकाचा हिशोब मांडून बघा. दोन फुटी खड्ड्यात धरा ३०० किलो माती, १४ टक्क्यांनी चुना झाला ४२ किलो. १ किलो गंधक जेमतेम ३ किलो चुना जिरवतं. म्हणजे खड्ड्याला १४ किलो, आणि मुळं खड्ड्याबाहेर गेली की परत तेच. शेणखतात मिसळून बुंध्याभोवती बांगडी पद्धतीने दिलं, तर तेवढ्या पट्ट्यापुरता फरक पडतो. मातीतून चिलेटेड लोह (लोहाला धरून विरघळतं ठेवणाऱ्या द्रव्यात बांधलेलं) द्यायचं तर ईडीडीएचए या द्रव्यातलं घ्या, ईडीटीए या द्रव्यातलं चुनखडीत टिकत नाही.

आधी खात्री करा. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), आणि एका झाडाच्या एकाच फांदीवर संध्याकाळी फवारा.

रागावू नका, पण सिल्व्हर ओक हे ऑस्ट्रेलियाचं झाड तिथे कशाला? आणि माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते अशाच गवताळ माळावर.

मूळ धागाकर्ता
नाही रागावलो. सिल्व्हर ओक फुकट मिळाले होते, म्हणून लावले.

फवारून अकरा दिवस झाले. फांदी सरसकट हिरवी नाही झाली. जिथे थेंब पडून वाळला तिथे हिरवा ठिपका, बाकी पान तसंच पिवळं. लहान मुलाने ब्रश झटकावा तसं दिसतंय. म्हणजे लोहच.

टेकडीच्या पायथ्याला ओघळाकडेची माती कमरेइतकी खोल आहे. तिथली पाच जांभळं ठेवतोय, त्यांना शेणखत आणि गंधकाची बांगडी. वरची खणून काढणार, तिथे नवं काही लावणार नाही. गवत आहे तसं राहू दे. ईडीडीएचए सोलापुरात डाळिंबवाल्यांच्या दुकानात मिळेल ना? पाच झाडांपुरतं सुटं देतात का, की किलोचंच पाकीट घ्यावं लागतं?