रॅम १६ वरून ३२ जीबी केली आणि पीसी क्रॅश होऊ लागला: स्टिक खराब की सेटिंग?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

पीसी असा आहे: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटचा बोर्ड, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११. आधी ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक होत्या. त्याच कंपनीच्या, त्याच ३२०० गतीच्या ८-८ जीबीच्या आणखी दोन घेतल्या. फरक इतकाच की जुन्यांवर टायमिंग (रॅमला वेगवेगळ्या कामांना किती क्लॉक, म्हणजे ठोके लागतात ते आकडे) १६-१८-१८-३८ छापलंय आणि नव्यांवर १८-२२-२२-४२. जुन्या ए२-बी२ या स्लॉटांमध्ये आहेत, नव्या ए१-बी१ मध्ये. बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ३२ जीबी दिसते, एक्सएमपी (रॅम छापील गतीने चालवणारा तयार प्रोफाइल) चालू आहे.

तेव्हापासून दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा एक्स्पोर्ट मध्येच बंद पडतो, क्रोमचे टॅब आपोआप क्रॅश होतात, आणि ब्ल्यू स्क्रीन येते ती दर वेळी वेगळी: कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. सकाळी चालू करताना पीसी कधीकधी स्वतःच बंद-चालू होतो आणि मग सुरू होतो.

विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चालवली, तिच्यात काही सापडलं नाही. दुकानदार सात दिवसांत बदलून द्यायला तयार आहे. नव्या स्टिक परत करू का? की आधी बायॉस अपडेट करून बघू?

खटका

बायॉस अपडेटला आत्ता हातसुद्धा लावू नका. अपडेटची फाइल आधी रॅममध्ये येते आणि तिथून बोर्डावरच्या चिपवर लिहिली जाते. रॅमने मध्येच एखादा बिट उलटा केला, तर बोर्ड कायमचा बसू शकतो. अपडेट करायचाच असेल तर एकच स्टिक, एक्सएमपी बंद, अशा अवस्थेत करा.

दुसरी घाईची गोष्ट तुमच्या फाइल्स. या अवस्थेत केलेला बॅकअपही भरवशाचा नाही, कारण कॉपी होणारा डेटासुद्धा रॅममधूनच जातो. म्हणून आजच बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा, नव्या दोन काढून ठेवा, जुन्या दोघींवर पीसी चालू करा आणि मगच प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या.

आता शोध. ब्ल्यू स्क्रीन दर वेळी वेगळी येणं ही रॅमची जुनी खूण आहे. ड्रायव्हर बिघडला असता तर बहुधा तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव पुन्हा पुन्हा आलं असतं. तरी इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद बघा. तपशिलात बगचेककोड ० असेल आणि ब्ल्यू स्क्रीन न येता पीसी पटकन बंद पडत असेल, तर संशय पॉवर सप्लायकडे वळवायचा. तुमच्या वर्णनात तसं दिसत नाही.

विंडोजची डायग्नोस्टिक पास झाली याला फारसा अर्थ नाही, ती ढोबळ चुकाच पकडते. पासमार्कचं मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून बूट करा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते. ३२ जीबीला कित्येक तास लागतात, रात्री लावून ठेवा. एक जरी एरर आली तरी ती जोडणी नापास. 'एकच तर आहे' असं म्हणून सोडायचं नाही.

क्रम असा ठेवा:

१. फक्त जुनी जोडी, एक्सएमपी चालू.
२. फक्त नवी जोडी, तिचा स्वतःचा एक्सएमपी. पण ती ए२-बी२ मध्ये लावून, म्हणजे सीपीयूपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. ए१-बी१ मध्ये दोनच स्टिक लावल्या तर त्यांच्यापुढच्या रिकाम्या तारांच्या टोकावरून सिग्नल परत उसळतो आणि चांगली स्टिकही नापास ठरू शकते.
३. चारही, एक्सएमपी बंद.
४. चारही, एक्सएमपी चालू.

दर वेळी स्टिक काढण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या. स्टिक बसवताना दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज यायला हवा. बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो आणि दुसरी बाजू अर्धवट बसलेली लक्षात येत नाही. संपर्कपट्ट्या खोडरबरने घासायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडलेली बरी. सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं पुरेसं आहे.

रेघ_आणि_रकाना

खटका यांनी दिलेला क्रम बरोबर आहे. मी फक्त एक भर घालतो, कारण 'त्याच कंपनीची, त्याच गतीची' या वाक्यातच बहुतेकांची फसगत होते.

नव्या स्टिकवर काळ्या चिप किती आहेत ते मोजा. ८ जीबीची जुन्या पद्धतीची स्टिक म्हणजे ८ गिगाबिटच्या आठ चिप. हल्ली त्याच किमतीत १६ गिगाबिटच्या चारच चिप असलेल्या स्टिक येतात. लेबल पूर्ण असेल तर त्यावर १आरx८ (आठ चिपवाली) किंवा १आरx१६ (चार चिपवाली) असं लिहिलेलं असतं. वर धातूचं आवरण असेल तर कडेने टॉर्च मारून बघा, पण आवरण उपटू नका, त्याच्याबरोबर चिपही निघून येते.

याने फरक काय पडतो? डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक बारीकसा कपॅसिटर, आणि तो सतत गळतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांत ८१९२ वेळा, म्हणजे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी, रिफ्रेशची आज्ञा जाते. ती पूर्ण होईपर्यंत थांबायचा वेळ म्हणजे टीआरएफसी. डीडीआर४ च्या मानकात तो ८ गिगाबिट चिपला ३५० नॅनोसेकंद आहे आणि १६ गिगाबिटला ५५०. ३२०० गतीला क्लॉक १६०० मेगाहर्ट्झचं असतं, म्हणजे एका चिपला ५६० क्लॉक आणि दुसरीला ८८०.

एक्सएमपी लावला की बहुतेक बोर्ड एकाच स्टिकचा प्रोफाइल वाचतात आणि चौघींना तोच लावतात. तो जुन्या स्टिकचा निघाला, तर नव्या चिपचा रिफ्रेश पुरा व्हायच्या आतच तिच्याकडे पुढचं काम येतं. अशी रॅम थंड असताना चालते आणि तापली की चुकते, कारण उष्णतेने गळती वाढते. तासभराच्या एक्स्पोर्टमध्ये ती नेमकी दगा देते ते यामुळेच. शिवाय १६-१८-१८ ही टायमिंगही नव्यांना झेपणारी नाही, त्यांना १८-२२-२२ हवी.

दुसरा मुद्दा मेमरी कंट्रोलरचा, आणि तो सीपीयूमध्येच असतो. रायझन ३००० मालिकेसाठी एएमडीने दिलेली मर्यादा बघा: चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर ३२००. चारही स्लॉट भरले आणि स्टिक सिंगल रँक (रँक म्हणजे एकत्र काम करणारा चिपचा गट) असल्या तर २९३३, ड्युअल रँक असल्या तर २६६७. चार स्टिकवर ३२०० चाललं तर आनंद, पण ते हमीच्या बाहेरचं आहे. सकाळचं बंद-चालू होणं हे त्याचंच लक्षण. चालू होताना बोर्ड रॅमशी जुळवणी करू पाहतो, ती फसते, तो पुन्हा प्रयत्न करतो.

झेनटायमिंग्ज हे छोटं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्यात टीआरएफसी आणि बाकी सगळ्या टायमिंग एका पडद्यावर दिसतात.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. फाइल्स आधी बाहेर घेतल्या.

चाचणीचे निकाल: जुनी जोडी एक्सएमपीवर साफ. नवी जोडी ए२-बी२ मध्ये, स्वतःच्या एक्सएमपीवर, तीही साफ. चारही एक्सएमपी बंद ठेवून २६६६ वर साफ. चारही एक्सएमपीवर मात्र दुसऱ्या फेरीत एररांची रांग. चिप मोजल्या, जुन्यांवर आठ, नव्यांवर चार. झेनटायमिंग्जमध्ये टीआरएफसी ५६० दिसतो.

म्हणजे स्टिक कुठलीच खराब नाही. आता २६६६ वरच ठेवू की थोडी गती परत मिळवता येईल?

रेघ_आणि_रकाना

मिळवता येईल. ३२०० चा हट्ट सोडा आणि २९३३ धरा. एक्सएमपी बंद ठेवून हे हाताने भरा:

गती २९३३, एफक्लॉक (सीपीयूच्या आतल्या जोडणीचा क्लॉक) १४६७ (रॅमच्या क्लॉकशी एकास एक राहायला हवा).
मुख्य टायमिंग १८-२२-२२-४२, टीआरसी (रॅममधली एक ओळ उघडून-मिटून पुन्हा उघडायचा वेळ) ६४.
टीआरएफसी ८२०. या गतीला ५५० नॅनोसेकंद म्हणजे ८०७ क्लॉक होतात, वर थोडी मोकळीक ठेवली आहे.
टीएफएडब्ल्यू (चार ओळी उघडायला लागणारा किमान वेळ) ४८. चार चिपच्या स्टिकला हा आकडाही मोठा लागतो. आठ चिपवाल्यांचा ३४ तिच्यावर लादू नका.
रॅमचा व्होल्टेज १.३५, एसओसी (सीपीयूतल्या मेमरी कंट्रोलरचा) व्होल्टेज १.१. एसओसी १.२ च्या वर कधीही नेऊ नका.
गिअर डाउन मोड (रॅमला आज्ञा सावकाश देणारी सोय) चालू.

बाकी सगळं ऑटोवर. पुन्हा चार फेऱ्या मेमटेस्ट. एरर आलीच तर गिअर डाउन बंद करून कमांड रेट २टी (प्रत्येक आज्ञेला दोन ठोके) करा, तरीही आली तर २६६६. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नका. बोर्डावर सीएमओएस (बायॉसची साठवलेली सेटिंग) पुसायच्या दोन पिन असतात, वीज काढून त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा, सेटिंग मूळपदावर येईल.

उंबरठा

वरचं सगळं पटतंय, पण परत करायची मुदत अजून बाकी असेल तर माझं मत वेगळं आहे. नवी जोडी परत करा आणि १६ जीबीच्या दोन स्टिकचं एकच किट घ्या, ३२००, सीएल १६ (टायमिंगचा पहिला आकडा). एका डब्यात आलेल्या स्टिक एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात. दोनच स्लॉट भरले की कंट्रोलरवरचा ताण कमी होतो आणि एएमडीच्या मर्यादेतच ३२०० मिळतं. त्या ड्युअल रँक असल्या तर फायदाच. जुनी ८-८ ची जोडी विकली की वरचा खर्च बराच भरून निघतो. ज्या मशीनवर लोकांची कामं वेळेत द्यायची असतात, तिथे हाताने भरलेल्या टायमिंगपेक्षा मी हेच सुचवेन. बायॉसची बॅटरी संपली किंवा अपडेट झाला की ते आकडे पुसले जातात, आणि पुन्हा भरायची आठवण क्रॅश झाल्यावरच होते.

मुदत गेली असेल तर मात्र २९३३ वर चार स्टिक बिनधास्त वापरा. रिझॉल्व्हला १६ जीबी अपुरी पडत असेल, तर ३२ जीबी मिळण्याचा फायदा ३२०० आणि २९३३ मधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

खटका

उंबरठा यांचा सल्ला मलाही मान्य. कुठलाही रस्ता निवडलात तरी रॅम स्थिर झाल्यावर विंडोजची डागडुजी राहू देऊ नका, कारण मधल्या दिवसांत चुकीचे बिट एसएसडीवरही लिहिले गेले असतील.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी डीआयएसएमची रिस्टोअरहेल्थ आज्ञा चालवा, तिने दुरुस्तीचं मूळ सामान नीट होतं. मग विंडोजच्या फाइल्स तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ. शेवटी डिस्क तपासणारी चेकडिस्क. क्रम उलटा केला तर एसएफसी बिघडलेल्या प्रतीवरूनच दुरुस्ती करायला बघते. फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असताना नेहमीच्या शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो, त्यात खराब अवस्थेतलं काही उरायला नको.

रिझॉल्व्हमध्ये रेंडर कॅश (आधी बनवून ठेवलेले तात्पुरते तुकडे) पूर्ण पुसून नव्याने बनवा. आणि क्रॅशच्या काळात कॅमेऱ्याच्या कार्डवरून जे फुटेज कॉपी केलंय, ती कार्डं अजून पुसली नसतील तर तशीच ठेवा आणि फुटेज नव्याने कॉपी करा. फाइलचा आकार जुळला म्हणजे आतलं सगळं जुळलं असं होत नाही. कॉपी करून झाल्यावर दोन्हीकडचे चेकसम (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) ताडून बघा, मगच कार्ड मोकळं करा.