दहा, सहा आणि हजार : यांपैकी फारसीतून आलेले कोणते?

प्रश्न (खानापूर)
नमस्कार. आमच्याकडे बटाट्याची पोती मोजताना एकाच व्यवहारात ‘दहा’, ‘हत्तु’ आणि उर्दू बोलणाऱ्यांचे ‘दस’ असे तिन्ही शब्द कानावर पडतात. आमच्या एका स्नेह्यांचे ठाम म्हणणे असे की, आदिलशाहीच्या काळात दप्तरात फारसीचा पगडा असल्यामुळे ‘हजार’प्रमाणेच ‘दहा’ आणि ‘सहा’ हेही फारसीतून मराठीत आले. फारसीत दहाला ‘दह’च म्हणतात, हा त्यांचा पुरावा. कन्नड ‘हत्तु’मध्येही ‘ह’ आहेच. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

प्रतिसाद (निपाणी)
‘हजार’ फारसीच आहे, यात वाद नाही. पण तो संस्कृत ‘सहस्र’चा सख्खा भाऊ आहे. इराणी भाषांत मूळच्या ‘स’चा ‘ह’ झाला (‘सप्त’, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या प्राचीन इराणी भाषेतील ‘हप्त’, फारसी ‘हफ्त’, आपला ‘हप्ता’ तिकडचाच), आणि संस्कृतात जेथे ‘ह’ आहे तेथे पुष्कळदा त्यांच्याकडे ‘ज़’ आहे, जसे ‘हस्त’ आणि ‘ज़स्त’. हे दोन्ही नियम ‘सहस्र’ला लावले की अवेस्तातील ‘हज़ङ्र’ आणि पुढे फारसी ‘हज़ार’ नेमका मिळतो.

‘दहा’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘दशपाषाणे हः’ असे सूत्रच आहे, म्हणजे ‘दश’ आणि ‘पाषाण’ यांत विकल्पाने ‘ह’ होतो : ‘दह’, ‘पाहाण’. आदिलशाही १४९० च्या सुमाराची. त्याआधी तीन शतके हा ‘ह’ नोंदलेला आहे. फारसी ‘दह’मधला ‘ह’ स्वतंत्रपणे घडला. जुन्या फारसीत त्या जागी ‘थ’च्या जवळचा ध्वनी होता, तो पुढे ‘ह’ झाला. मूळ शब्द एकच, पण दोन्हीकडची वाटचाल आपापली.

प्रतिसाद (बेळगाव)
‘सहा’बद्दल लिहितो. फारसीत सहाला ‘शश’ किंवा ‘शेश’ म्हणतात. त्यात ‘ह’ नाहीच, त्यामुळे तो दावा तेथेच संपतो. प्राकृतात ‘छ’ होते आणि प्राकृतातील ‘छ’ मराठीत ‘स’ होतो. आपल्या शेतातलेच उदाहरण घ्या : ‘इक्षु’, प्राकृत ‘उच्छु’, मराठी ‘ऊस’. तसेच ‘मच्छ’चा ‘मासा’ आणि ‘छुरी’ची ‘सुरी’. हिंदीने ‘छह’ राखला, आपण ‘सहा’ केला.

कन्नड ‘हत्तु’ तर द्राविडी आहे, त्याचा या कुळाशी संबंध नाही. जुन्या कन्नडात तो ‘पत्तु’ होता, तमिळमध्ये अजून आहे. कन्नडात ‘प’चा ‘ह’ झाला. तुमच्या तालुक्यातील हलशीचे नाव कदंब राजांच्या ताम्रपटांत ‘पलाशिका’ असे येते, तेथेही हाच बदल दिसतो. मला खरे विलक्षण वाटते ते कन्नड ‘साविर’, म्हणजे हजार. सौंदत्तीच्या रट्ट राजांच्या ‘कूंडी ३०००’ या प्रदेशनामातील हजारासाठी जुन्या कन्नडात ‘सासिर’ हा शब्द आहे आणि तो ‘सहस्र’वरून आलेला आहे. म्हणजे रविवार पेठेत एकाने ‘हजार’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘साविर’, तर एकाच प्राचीन शब्दाची दोन रूपे समोरासमोर येतात : एक इराणमार्गे आलेले, दुसरे प्राकृतमार्गे.

प्रश्नकर्ता (खानापूर)
मनःपूर्वक आभार. एक शंका उरते : ‘स’ मूळचा आणि ‘ह’ नंतरचा, हे कशावरून? उलटेही झाले असू शकेल.

प्रतिसाद (निपाणी)
लॅटिनमध्ये सातला ‘सेप्तेम’ म्हणतात; तेथे ‘स’ आहे. ग्रीक ‘हेप्ता’त ‘ह’ दिसतो, पण तो बदल ग्रीकने स्वतंत्रपणे केला. शिवाय आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय येथे सापडलेल्या, मितान्नी या प्राचीन राज्यातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाच्या लेखनात घोड्यांच्या फेऱ्यांसाठी ‘ऐक’, ‘तेर’, ‘पंज’, ‘सत्त’ अशी संख्यारूपे आहेत. हे लेखन तीन हजार वर्षांहून जुने आहे. त्यातील ‘सत्त’मध्ये ‘स’ टिकलेला आहे, आणि ‘ऐक’ तर आपल्या ‘एक’चेच रूप आहे, अवेस्तात त्या जागी ‘अएव’ येतो, ‘क’ नाही. फारसी ‘यक’मधला ‘क’ हा नंतर जोडलेला प्रत्यय आहे.