टायटॅनियावरचे सोन्याचे कण २० नॅनोमीटरचे का होतात?

प्रश्न
कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणासाठी पी-२५ टायटॅनियावर (टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाजारात मिळणाऱ्या बारीक पावडरीवर) १ टक्का सोनं हवंय. क्लोरोऑरिक आम्लात पावडर भिजवली, सुकवली, हवेत ४०० अंशांना भाजली. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) कण २० नॅनोमीटरचे दिसतात आणि खोलीच्या तापमानाला उत्प्रेरक निष्क्रिय आहे. ५ नॅनोमीटरच्या खाली कसं यावं?

उत्तर १
दोष क्लोराइडचा आहे. भिजवून सुकवलं की ते सगळं पावडरमध्येच राहतं. भाजताना त्याच्यामुळे सोनं पृष्ठभागावर सरकतं, कण एकमेकांत मिसळतात. शिवाय ते सक्रिय जागाही अडवतं. नुसतं तापमान उतरवून भागणार नाही.

निक्षेपण-अवक्षेपण करा, म्हणजे द्रावणाचा पीएच वाढवून सोनं पावडरीच्या पृष्ठभागावर बसवा. १ ग्रॅम टायटॅनियाला २० मिलिग्रॅम क्लोरोऑरिक आम्ल (ट्रायहायड्रेट) १०० मिली पाण्यात, ७० अंशांना. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८ ते ९ वर आणा, मग पावडर घाला. पीएच पुन्हा घसरेल, तो सावरत तासभर ढवळा. इथे सोन्याभोवतीच्या क्लोराइडची जागा हायड्रॉक्साइड घेतं. कोमट पाण्याने धूत राहा. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून क्लोराइडमुळे येणारा गढूळपणा येईनासा झाला की थांबा. धुण्यात घाई केली तर बाकी सगळी मेहनत वाया.

उत्तर २
एक भर. या पीएचला टायटॅनियाचा पृष्ठभाग ऋण असतो (शून्यप्रभार बिंदू, म्हणजे ज्या पीएचला पृष्ठभागावर निव्वळ प्रभार नसतो तो, साधारण ६) आणि सोन्याचे आयनही ऋणच. म्हणून बरंच सोनं द्रावणातच राहतं. अभिक्रियेचा वेग काढण्याआधी आयसीपीने (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) पावडरीतल्या सोन्याचं खरं प्रमाण मोजा.

सगळं सोनं बसवायचं असेल तर युरिया: १०० मिलीला २.५ ग्रॅम, ८० अंश, किमान ४ तास. युरिया हळूहळू फुटतो, त्यामुळे पीएच सगळीकडे सारखा चढतो. तासाभरात थांबवलं तर कण मोठे राहतात.

धुण्यासाठी अमोनिया मात्र अजिबात नको. त्यातून सोन्याचं स्फोटक संयुग बनतं, सुकल्यावर ते नुसत्या घासण्यानेही फुटतं.

उत्तर ३
क्लोरोऑरिक आम्लाला स्टीलचा चमचा लावू नका, तिथेच सोनं क्षपित होतं (आयनांचं धातूत रूपांतर होतं). सगळं काम अंधारात. भाजण्याआधीच पावडर जांभळी पडली तर कण तयार होऊन चुकलेत. ३०० अंश पुरेत, चढ मिनिटाला २ अंश.

प्रश्नकर्ता
हीच कृती सिलिकावर चालेल?

उत्तर २
नाही. सिलिकाचा शून्यप्रभार बिंदू २ च्या आसपास आहे, ऋण आयन जवळही येत नाहीत. तिथे सोन्याचं एथिलीनडायअमाइनबरोबरचं धन संकुल (सोन्याला ते रेणू जोडून बनलेला धन आयन) वापरा.