जुनी मारुती ८०० चॅरिटी रॅलीला न्यायची आहे, काय काय बदलू?

प्रश्न: १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. कोल्हापूर-गगनबावडा, करूळ घाट उतरून कोकण, येताना फोंडा घाट. बजेट १५ हजार. सुरुवात कुठनं करू?

घाटकर: भावा, आधी ब्रेक. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी धरतं. उतारावर तापलं की वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. नवं डॉट-३ ब्रेक ऑइल भरून चारही चाकं ब्लीड कर (म्हणजे ब्रेकच्या पाइपातली हवा काढ), सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. मागच्या व्हील सिलिंडरचा (चाकात ब्रेक दाबणारा भाग) रबरी बूट उचलून बघ, आत ओल दिसली की सिलिंडर बदल. घाट दुसऱ्या गियरमध्येच उतर.

स्पॅनर१२: टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर हलवणारा पट्टा) कधी टाकलाय माहीत नसेल तर नवाच टाक. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रेडिएटर खोलून साफ करून घे. थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी पाण्याची झडप) काढायचा सल्ला मिळेल, ऐकू नको. गाडी उभी तापवून फॅन आपोआप लागतो का बघ.

घाटकर: इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप चिरतात, तेही क्लिपांसकट बदल. डिकीत क्लच केबल, फॅन बेल्ट, फ्यूज, ५ लिटर पाणी. आणि आरसीची मुदत! १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. स्टिकर शेवटी.