जामिनावर सुटताच टीबीचं औषध तुटतं: नागपुरात आधी काय पक्कं करावं?

धंतोली_विधीसेवक: नागपूर मध्यवर्ती कारागृहातल्या कच्च्या कैद्यांसाठी विधी सेवेचं काम बघते. टीबीचे उपचार चालू असलेले बंदी संध्याकाळी सुटतात तेव्हा जवळ गोळ्या नसतात, पुढचं केंद्र ठाऊक नसतं. काय करावं?

औषध_रोज: ताई, तयारी उपचार सुरू होतात त्याच आठवड्यात करा, ऐनवेळी काहीच होत नाही. निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक, लिहून बंद्याला आणि घरच्यांना द्या. तो देशभर एकच असतो; नव्या केंद्रात दुसरी नोंद झाली तर आधीचे डोस हिशेबात येत नाहीत. पत्ता आधारवरचा घेऊ नका, "सुटल्यावर झोपणार कुठे?" असं विचारा. आधार बालाघाटचं, मुक्काम कळमन्यात. नोंद तिकडे जाते आणि माणूस कुणालाच सापडत नाही.

साध्या टीबीत पहिले २ महिने चार औषधांची गोळी, पुढे ४ महिने तीन औषधांची, रोज. ५० ते ६४ किलोला ४ गोळ्या. वजन बदललं की गोळ्याही बदलू शकतात, म्हणून चिठ्ठीवर शेवटचं वजन हवंच. बरं वाटलं की लोक औषध सोडतात, आणि औषधाला दाद न देणारा टीबी तिथूनच होतो.

जिल्हा_न्यायालय_वकील: जामिनाचा हुकूम आणि सुटका यांत मिळणारा वेळ वापरा. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जायला हवी. ती आली की कारागृहाच्या दवाखान्यालाही कळेल एवढं अधीक्षकांशी बोलून ठरवा. ७ दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिनाभरात हमीदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. तरी अर्ज कराच, आजाराचे कागद जोडून. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत, हेल्पलाइन १५१००.

एआरटी_समुपदेशक: एचआयव्हीही असेल तर रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं. त्यामुळे रोजच्या टीएलडी (डोल्युटेग्राविरसह एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेल्या) गोळीनंतर १२ तासांनी आणखी ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्राविर लागतं. बाहेर पडल्यावर हीच दुसरी गोळी राहून जाते. एचआयव्हीच्या औषधाचा कागद टीबीच्या फाईलला टाचू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे त्याच्या संमतीशिवाय एचआयव्हीची माहिती उघड करता येत नाही. बंद लिफाफा त्याच्याच हाती द्या.

धंतोली_विधीसेवक: आणि पोषणाचे पैसे?

औषध_रोज: निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिना १००० रुपये, थेट खात्यात. खातं नसेल तर त्याच्या संमतीने घरच्या माणसाचं चालतं. हेही आत असतानाच भरून घ्या.