विमानाला एकट्या जीपीएसच्या भरवशावर किती दिवस ठेवणार?

उंचावरून: खिशातला साधा फोन जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू असे दिशादर्शक उपग्रहांचे चारही संच वापरतो. दीड-दोनशे माणसं नेणारं विमान मात्र अजून बहुधा अमेरिकेच्या जीपीएसवर, तेही एल-१ या एकाच रेडिओ लहरीवर. स्थान काढायला ४ उपग्रह लागतात, त्यातला एक चुकतोय हे कळायला ५ आणि तो नेमका ओळखून वगळायला ६. संच वाढले की ही अडचणच उरत नाही. शिवाय एल-५ ही दुसरी लहर मिळाली, तर आयनांबरामुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) सिग्नलला होणारा उशीर विमानातच मोजता येतो. भारत विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्यास्तानंतर आपल्याकडे हा त्रास युरोपपेक्षा जास्त. सगळे संच एकत्र करा, एवढंच म्हणणं.

शंकासुर: "एवढंच" म्हणे! एप्रिल २०१४ मध्ये ग्लोनासच्या उपग्रहांनी तासन् तास स्वतःच्या कक्षेची चुकीची माहिती पाठवली. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओ जवळपास आठवडाभर बंद होतं. हे विमानात घ्यायचं? त्यात ग्लोनासची घड्याळं लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातलेला सेकंद) पाळतात, जीपीएसची नाही. जोडकाम जितकं जास्त, तितकी तपासणी आणि प्रमाणपत्रं वाढणार.

उंचावरून: ही दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत की! एक संच कोसळला तेव्हा बाकीचे चालूच होते. उद्या पाळी जीपीएसवर आली तर?

धावपट्टी२७: दोघंही उपग्रह बिघडण्यावर भांडताय. वैमानिकांचं आजचं दुखणं वेगळंच आहे. अमृतसर-जम्मू पट्ट्यात नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सिग्नलमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ घटना सरकारनेच लोकसभेत सांगितल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळही खोटे सिग्नल आले. आता गंमत बघा: जीपीएसचं एल-१ आणि गॅलिलिओचं ई-१ दोन्ही १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. एल-५ तर भारताचं स्वतःचं नाविकही वापरतं. सिग्नल दाबणाऱ्या जॅमरवाल्याला चार संचांसाठी चार यंत्रं लागत नाहीत. २०२४ मध्ये फिनलंडच्या फिनएअरने एस्टोनियातल्या टार्टूची उड्डाणं महिनाभर थांबवली आणि जीपीएसशिवाय उतरण्याची सोय झाल्यावरच पुन्हा सुरू केली. तिथे चार काय, चाळीस संच असते तरी काय उपयोग होता?

गगनभरारी: आपलं गगन, म्हणजे उपग्रहांवरून स्थान अचूक करून देणारी भारतीय यंत्रणा, आहेच ना? एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगढला त्याच्यावरच उतरलं. आता नाविक जोडलं की झालं.

शंकासुर: गगन जीपीएसच्याच चुका सुधारतं. जीपीएस दाबलं तर सुधारणार काय? नाविकच्या पहिल्या पिढीतल्या उपग्रहांची अनेक आयात घड्याळं बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला नवा उपग्रह एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. अभिमान असावा, पण धुक्यात उतरताना तो कामाचा नाही.

उंचावरून: धावपट्टी२७, जॅमिंगचं मान्य, पण खोट्या सिग्नलचं नाही. गॅलिलिओ आता संदेशावर डिजिटल सही करतं. नकली सिग्नल बनवणाऱ्याला ती सही आणायची कुठून?

धावपट्टी२७: खरा सिग्नल टिपून थोड्या उशिराने पुन्हा सोडला की सहीसकट जातो. आणि ती सही वाचणारा रिसीव्हर किती प्रवासी विमानांत आहे? संच जोडा, माझा विरोध नाही. पण त्या नावाखाली व्हीओआर आणि डीएमई ही दिशा आणि अंतर सांगणारी जमिनीवरची रेडिओ केंद्रं "जुनी झाली" म्हणून बंद करायला निघाल, तर मी आडवा येणार. टार्टूला शेवटी डीएमईच कामाला आलं.