नऊ आठवड्यांची शित्झू, समुद्राकाठचं घर आणि तोंडावर आलेला पावसाळा

हर्णैकरीण:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे नुकतंच शित्झूचं पिल्लू आलंय. मादी, ९ आठवड्यांची, वजन दीड किलो, नाव चिंगी. पुण्याहून आणली. घरात आजवर गावठी कुत्री होती. ती अंगणात वाढली आणि आमच्या ताटातलं खाऊन धडधाकट राहिली. हिचं तंत्र वेगळं आहे आणि मला ते नीट समजून घ्यायचंय.

देणाऱ्याने सोबत दिलेलं पपी फूड संपलं. तो ब्रँड दापोलीत मिळाला नाही म्हणून दुसरा आणला. सासूबाई सकाळ-संध्याकाळ दूधभात भरवतात, इतक्या मायेने भरवतात की मला नको म्हणवत नाही. कालपासून शी पातळ होतेय. खेळते, शेपूट हलवते, पण सकाळी उठल्यावर मलूल असते, मान टाकून बसते. पोटात काही गेलं की तरतरी येते. मिस्टर बंदरावरून मासळी घेऊन आले की वासानेच नाचायला लागते. मासे द्यायचे का?

केसांना रोज खोबरेल तेल लावा आणि आठवड्यातून दोनदा अंघोळ घाला, असं देणाऱ्याने सांगितलंय. कानामागे आत्ताच एक गुंता झालाय. मागच्या दारी गोठा आहे, त्यामुळे गोचिडांची धास्ती वाटते. पहिली लस झालीय. पावसात इथे आमचे साधे पंचे वाळत नाहीत, हिचे केस कसे वाळवायचे?

कंगवा-फणी, रत्नागिरी:

हर्णैकर ताई, मी घरच्या घरी लहान जातीच्या कुत्र्यांचे केस विंचरून, कापून देते. माझी स्वतःची शित्झू आहे, तिचे बरेच पावसाळे इथेच गेले. केसांवर भरपूर लिहिणार आहे, पण आधी तुमच्या एका वाक्याबद्दल बोलू या, कारण मला त्याचीच काळजी वाटली.

सकाळी मलूल आणि खाल्लं की तरतरी, हे लहान जातीच्या पिल्लात रक्तातली साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं. दीड किलोच्या जिवात साठा तो कितीसा असणार! रात्रभर पोट रिकामं राहिलं, त्यात जुलाब, की साखर झपाट्याने खाली येते. पाय लटपटले, अंग थरथरलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर बोटावर मध किंवा ग्लुकोजचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळायचं आणि लगेच डॉक्टरांकडे निघायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात पातळ काही ओतू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवा. ताज्या शीचा नमुना डबीत न्या, जंत आणि इतर कारणं त्यातून कळतात. उलटी झाली किंवा शीत रक्त दिसलं तर सकाळचीही वाट बघू नका. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला पार्व्हो हा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग गाठू शकतो आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

आता खाणं. दिवसाचं खाणं चार वेळांत वाटा. पहिलं उजाडताच, शेवटचं झोपायच्या आधी. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. पाकिटावर वजनाप्रमाणे दिवसाचं माप असतं, त्याचे चार भाग करा. लहान जातीच्या पिल्लांचं पपी फूड घ्या, दाणा बारीक असतो. दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून द्या आणि अर्ध्या तासात उरलेलं उचला, आपल्या हवेत ते लगेच आंबतं. घर नवं, पाणी नवं, खाणं नवं आणि वर दूध, एवढं सगळं एकदम आलं की पोट बिघडायचंच. ब्रँड बदलताना जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडाभराने पूर्ण बदलायचं असतं. तुमचं जुनं संपलंय, तेव्हा आता नव्यावरच टिकून राहा, पुन्हा बदलू नका.

दूध बंद. आईचं दूध सुटलं की पिल्लाला गाईम्हशीचं दूध नीट पचत नाही. सासूबाईंच्या हातचं मात्र बंद करू नका. भरवण्याची वेळ त्यांच्याकडेच ठेवा, वाटीत भिजवलेलं पपी फूड द्या. पोट बिघडलंय तोवर, डॉक्टर हो म्हणाले तर, त्यांना उकड्या तांदळाची मऊ पेज करू दे, मीठ न घालता, त्यात उकडलेल्या कोंबडीचे बारीक तंतू. चार घास लाल भोपळाही चालतो. हे दोन-चार दिवसांपुरतं. कायम भातावर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं कच्ची राहतात. आणि पपी फूड पूर्ण खात असेल तर वरून कॅल्शियमचं औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नका, जास्त झालं तरी हाडांचं नुकसानच. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यातलं काहीही नको. सोलकढीत लसूण असते, म्हणून तीही नको.

केसांचं सांगते. खोबरेल आजच थांबवा. तेलकट केसांवर इथली दमट हवा आणि रेतीमाती चिकटते, गुंता घट्ट होतो आणि ती चाटून चाटून पुन्हा पोट बिघडवते.

कानामागचा गुंता भिजवू नका, ओला गुंता आवळतो. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर टाका, गुंत्याचं मूळ कातडीजवळ दोन बोटांत धरा म्हणजे ओढ लागणार नाही, आणि दुसऱ्या हाताने टोकाकडून एकेक बट मोकळी करा. मग स्टीलच्या कंगव्याचे विरळ दात टोकापासून आत न्या. कात्री लावू नका, या वयात कातडी गुंत्याबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते.

रोज पाच मिनिटं मांडीवर घेऊन विंचरा, खाऊन जरा वेळ झाला की, ती पेंगुळलेली असताना. पद्धत अशी: पाण्याचा हलका फवारा मारायचा, एका हाताने केस वर धरायचे, खालची एकच ओळ सोडायची आणि ती कातडीपासून टोकापर्यंत विंचरायची. मग वरची ओळ. नुसता वरून ब्रश फिरवला तर वरचे केस रेशमी दिसतात आणि आत नमदा, म्हणजे केसांचा घट्ट गठ्ठा, होत राहतो. शेवटी कंगवा कातडीला लागून न अडकता बाहेर आला तरच काम झालं. गुंते ठरलेल्या जागी होतात: कानामागे, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली. घरात पट्टा काढून ठेवा. साधारण आठ-दहा महिन्यांची झाली की पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात, तेव्हा गुंते फार वाढतात. आत्ता लावलेली सवय तेव्हा कामी येईल. पंजे, कान, तोंड यांना हात लावू देण्याची सवयही आत्ताच.

अंघोळ आत्ता नकोच, पोट सुधारू दे. तोवर ओल्या फडक्याने तोंड आणि मागचा भाग पुसा, लगेच कोरडा करा. पुढे दोन-तीन आठवड्यांनी एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने. आपल्या शाम्पूने त्यांची कातडी कोरडी पडते. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा घ्या, नाहीतर केस राठ होतात. वाळवताना टॉवेलने चोळायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. मग ड्रायर सगळ्यात कमी गरम करून, मध्ये आपला तळहात धरून, विंचरत विंचरत. पंख्याखाली वरचे केस वाळतात, कातडीजवळ ओल राहते, आणि तिथूनच कुबट वास, खाज, बुरशी सुरू होते. बोटांच्या बेचक्या आणि कानाची पाळी हाताने चाचपून बघा, थंड लागली तर अजून ओली आहे. वीज जायची शक्यता असेल त्या दिवशी अंघोळ काढूच नका. जूनपासून केस इंचभर ठेवा, पोटावरचे आणि तळव्यांमधले आणखी बारीक. डोळ्यांत येणारे केस तेवढे माहीतगाराकडून कापून घ्या.

बागवाला, देवगड:

फणीताईंनी सगळं सांगितलं, मी माशाचं आणि आंब्याचं सांगतो. उकडलेला बांगडा किंवा सुरमई, मीठ-तिखट काही न लावता, काटा बोटाने तपासून काढलेला, पोट बरं झाल्यावर दोन घास द्यायला हरकत नाही. कच्चा नको. सुकट, सुका बांगडा अजिबात नको, मिठाने तहानेली होते आणि एवढ्याशा पिल्लाला ते मीठ बाधतं. किनाऱ्यावर नेलंत तर रापणीत, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यात, आलेला केंड मासा रेतीत टाकलेला असतो, तो विषारी. तोंड घालू देऊ नका.

दुसरं, बाठा. आंब्याचा हंगाम आहे, घरात खाऊन टाकलेले बाठे लोळत असतात. कुत्रा चोखता चोखता गिळतो आणि बाठा आतड्यात अडकतो, मग पोट फाडून काढावा लागतो. माझ्या शेजारच्या पामेरियनचं असंच ऑपरेशन करावं लागलं. फणसाची आठळीसुद्धा तशीच. झाकणाची बादली ठेवा. घाबरू नको गो बाय, एवढं सांभाळलंस की पोर ठणठणीत रवता.

खाडीकाठ, चिपळूण:

एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारा की त्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस आहे का. उंदराच्या मुतातून पावसाच्या साचल्या पाण्यात येणारा हा रोग कोकणात माणसांनाही दर पावसाळ्यात होतो. कुत्र्यांच्या लसीचे सुरुवातीला दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि मग दर वर्षी एक. रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की. लसी पुऱ्या होईपर्यंत गोठ्यात, गटाराकडे, इतर कुत्र्यांमध्ये सोडू नका.

गोचिडाचं औषध वजन आणि वय बघून डॉक्टरांकडूनच घ्या, गुरांचं औषध तिला लावू नका. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी बघा. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल, काडी, तंबाखू यातलं काही नको, कातडी जळते. गोचीड चावल्यावर काही दिवसांनी ताप, खाणं बंद, गडद लघवी दिसली तर रक्त तपासून घ्या.

हर्णैकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. शीत जंत निघाले, औषध दिलंय, साखर कमी होती पण धोक्याची नाही म्हणाले. रात्री झोपण्याआधी आणि पहाटे खायला द्यायला सांगितलंय. लेप्टोचंही विचारलं, पुढच्या डोसात आहे. सासूबाईंनी पेज केली आणि चिंगीने वाटी चाटून पुसून ठेवली. कानामागचा गुंता कॉर्नफ्लॉवरने अर्धा सुटला, उरलेला उद्या. एक राहिलं: पपी फूडचं मोठं पोतं स्वस्त पडतं, पावसाळ्याआधी भरून ठेवू का?

कंगवा-फणी, रत्नागिरी:

जंत निघाले हे कळलं ते फार बरं झालं. पुढचा डोस कधी ते कार्डावर लिहून घ्या, पिल्लांना तो सहा महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

मोठं पोतं नको. आपल्याकडे पोतं एकदा उघडलं की आठवड्याभरात दाणा मऊ पडतो आणि बुरशी धरतो. बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृताला मारक असतं आणि प्रत्येक वेळी ते डोळ्यांना दिसतं असं नाही. एक किलोचं पाकीट घ्या, पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, माप काढायला कोरडा चमचा. खवट वास आला तर सगळं टाकून द्या, गुरांच्या आंबोणातही घालू नका. उरलेला गुंता सुटला नाही तर ओढाताण करू नका, फोटो टाका, मग मी बघून सांगते.